जळोचीची बाद फेरी

स्वीडनमधल्या एका फुटबॉल क्लबाच्या काळजीनं ज्याचं वजन दोन किलोनं घटलं, असा माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि तो माझा घरमालक होता, आबा. हे मी वाढवून लिहीत नाही. बारामतीच्या स्टँडवरच्या यंत्रात नाणं टाकून त्यांनी स्वतः वजन केलं होतं आणि ते पुठ्ठ्याचं तिकीट मला दाखवलं होतं. तिकिटाच्या मागं छापलेलं भविष्य चांगलं होतं, प्रवासाचा योग वगैरे. ते त्यांनी वाचून घेतलं नाही. म्हणाले, "वजनाचं बघ. मंडळी परवा जर्मनीत खेळणार हायत आणि हितं मला भाकर गिळंना."

मंडळी म्हणजे तो क्लब. त्याचं खरं नाव आबांना कधी नीट उच्चारता आलं नाही आणि मलाही अजून येत नाही. आबा फौजेत ड्रायव्हर होते. एकोणीसशे साठच्या आसपास त्यांची तुकडी परदेशी शांतिसेनेबरोबर सुएझकडच्या वाळवंटात होती. तिथं संध्याकाळी वेगवेगळ्या देशांचे शिपाई फुटबॉल खेळत. आबा डाव्या बाजूला खेळायचे, कधी बूट घालून, बऱ्याचदा अनवाणी. निघायच्या दिवशी एका स्वीडिश शिपायानं त्यांना आपल्या गावच्या क्लबाची निळी-पांढरी पट्ट्यापट्ट्यांची लोकरी बनियन दिली. आबांनी बदल्यात त्याला पितळी तांब्या दिला. पुढं काही वर्षं नाताळाला त्याचं पोस्टकार्ड यायचं, मग यायचं थांबलं. पण आबांच्या हिशोबी सोयरीक एकदा जुळली ती जुळली. बनियन आटून आटून पोटाच्या वर आली होती, तरी सामन्याच्या बुधवारी ते ती सदऱ्याच्या आत घालत. बारामतीच्या उन्हात लोकर घालून दिवसभर बसणाऱ्या माणसाला घामोळं उठतंच. आबा ते घामोळं क्लबाच्या खात्यावर टाकत.

मी त्यांच्याकडं राहायला आलो तेव्हा माझं इंग्रजी यथातथाच होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंदापूर तालुक्यात आमची थोडी बागायत आहे, टोमॅटो, वांगी असं. वडिलांनी मला बारामतीला आणून सोडलं आणि खोली शोधत आम्ही जळोचीत पोचलो. भाडं, पाणी, वीज यांबद्दल आबांनी काहीच विचारलं नाही. कपाटातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली, माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, वाच. मी अडखळत, घाम पुसत, बाटलीवरचं सगळं इंग्रजी वाचलं, अगदी 'लहान मुलांपासून दूर ठेवा' इथपर्यंत, आणि अर्थही सांगितला. एक शब्द आला नाही तो येत नाही म्हणालो. आबा वडिलांना म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय. ऱ्हाऊ द्या हितं." त्या वाक्याची मला पुढं फार लाज वाटायची होती.

माझं काम असं होतं. मराठी पेपरात क्रिकेटशिवाय काही येत नसे. कॉलेजच्या वाचनालयात इंग्रजी पेपर यायचा आणि त्यात खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात चार ओळी असायच्या. बुधवारच्या सामन्याची बातमी कधी शुक्रवारी, कधी शनिवारी. ती मी वहीत उतरवून घ्यायची, घरी येऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि मराठीत सांगायची. आबा खुर्चीत ताठ बसून म्हणायचे, "जवान, रिपोर्ट." माझ्याआधी दोन भाडेकरू हेच काम करून गेले होते. त्यांचे रिपोर्ट म्हणे एका शब्दाचे असत. 'हरले.'

चार ओळींवर आबांचं भागत नसे. वारा कसा होता, चिखल होता का, गोलकीपर उंच होता की बुटका, असं सगळं ते विचारत, आणि पेपरात नाही म्हटलं की पेपरवाल्याला दोन शब्द सुनावत. परदेशी नावं डोक्यात राहत नसल्यामुळं त्यांनी प्रत्येक क्लबाला जवळचं एक गाव देऊन टाकलं होतं. इटलीवाले पणदऱ्याचे, कारण त्यांच्याकडं दूधदुभतं भरपूर असावं असा आबांचा समज होता. जर्मन मात्र कळंबकर. कळंबला त्यांची एकुलती लेक दिली होती आणि जावई कारखान्यात घड्याळ लावल्यासारखे वेळेवर कामाला जात. आबा त्यांना फार मानत आणि थोडे भीतही. भिंतीवर बियाण्याच्या कॅलेंडरच्या पाठीमागं त्यांनी बाद फेरीचा तक्ता काढला होता. आठ चौकटी, त्यांतून चार, चारांतून दोन, दोनांतून एक. एकदा मतदारयादीच्या कामाला आलेले गुरुजी तो तक्ता बराच वेळ बघत राहिले. त्यांना ती वंशावळ वाटली. हे पणदरेकर सख्खे का चुलत, असं त्यांनी विचारलं. आबांनी पेला खाली न ठेवता उत्तर दिलं, लांबचे हायत.

एकाच क्लबाशी दोन-दोन सामने का खेळतात हे मला कळत नव्हतं, तेही आबांनीच समजावलं. बघण्याचा कार्यक्रम असतो तसंच ते. आधी मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जायचं, मग मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला जायचं. दोन्हीकडचं बघून झाल्यावर हो का नाही ते ठरतं. एका भेटीत माणूस कळत नाही. त्यांच्याकडं फौजेतली एक शिट्टी होती आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं पिवळं पाकीट. शेजारचा कोंबडा पायरीवर चढला की ते शिट्टी फुंकून, फुटबॉलचा पंच ताकीद देतो तसं, त्याला पिवळं पाकीट दाखवत. एका रविवारी त्याला दोनदा पाकीट मिळालं, म्हणजे तो बाद, आणि त्याच दिवशी शेजाऱ्यांनी तो कापला. त्यात आबांचा काही संबंध नव्हता, पण त्यांनी रस्सा घेतला नाही. पंचानं जेवायचं नसतं म्हणाले.

हे सगळं हसण्यासारखं आहे आणि मी हसायचोही. पण त्या घरात दिवसभर त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं हेही खरं. काकू, म्हणजे आबांच्या पत्नी, जाऊन चार वर्षं झाली होती. सकाळी बुद्धवंदना म्हणून झाली की त्यांचा दिवसाचा आवाज संपायचा. संध्याकाळी मी येईपर्यंत तो परत लागायचा नाही. मी आलो की पहिली दोन वाक्यं घोगरी निघत. माझंही तसंच होतं. वर्गात मी मागच्या बाकावर बसायचो आणि 'प्रेझेंट सर'शिवाय बहुतेक दिवशी काही बोलायचो नाही. आम्ही दोघं संध्याकाळी एकमेकांवर घसा साफ करून घ्यायचो म्हणा ना.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आबा न्हाणीत घसरून पडले. मी गावाला गेलो होतो. सकाळी दूधवाला येईपर्यंत ते तसेच पडून होते. मोडलं काही नव्हतं, पण सुमनताई, त्यांची लेक, कळंबहून आली ती त्यांना न्यायचंच असं ठरवून. घर बंद करा, खोलीचं पोरगं बघून घेईल, तुमी चला. आबा नाही म्हणाले. ताई रडली. आबा भिंतीकडं तोंड करून बसले. शेवटी संध्याकाळी ते म्हणाले, माझी मंडळी ज्या दिवशी बाद होतील त्या दिवशी मी गठुडं बांधतो. हा फौजी माणसाचा शब्द. ताईनं मला बाजूला घेऊन विचारलं, किती दिवस चालतं रे हे. मी गेल्या दोन भाडेकरूंचा अनुभव सांगितला. ती डोळे पुसून हसली आणि म्हणाली, मग मी दसऱ्याला टेंपो घेऊनच येते.

पहिला सामना मंडळी इंग्लंडात हरले. ताईला निरोप गेला आणि ती खरोखर टेंपो घेऊन आली. टेंपोत जावयांनी आबांसाठी नवी कापसाची गादीसुद्धा घालून दिली होती. तेव्हा आबांनी तिला शांतपणे सांगितलं की हे गटातले सामने हायत, ह्यात एखादा हरला तरी माणूस जिता ऱ्हातो. ताईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, कारण ते खरं होतं. टेंपो रिकामा परत गेला. गादी राहिली. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मंडळी जिंकायलाच लागले. दिवाळीपर्यंत ते गटात पहिले आले. ताई दर महिन्याला यायची, शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या आणायची, आणि दारातच मला विचारायची, झाले का रे बाद. तिला वाईटही वाटायचं असं विचारायला. एकदा म्हणाली, मी रात्री पडल्या पडल्या म्हणते, हरू देत रे ते लोक. ओळख ना पाळख, माझं काय वाकडं केलंय त्यांनी.

मार्चमध्ये आठांतल्या फेरीत मंडळींची गाठ कळंबकरांशी, म्हणजे जर्मनांशी पडली. वजनाचं तिकीट तेव्हाचं. जर्मनीतला सामना शून्य-शून्य झाला. दुसरा मंडळींच्या घरी, दोन-दोन. वाचनालयात मी ती बातमी तीनदा वाचली. दोन्ही सामने बरोबरीत होते आणि तरी मंडळी बाद झाले होते. परक्याच्या मैदानावर मारलेल्या गोलाला जास्त मोल असतं, असा नियम खाली एका ओळीत दिला होता, आणि तसे गोल फक्त जर्मनांचे होते. हरलेही नाहीत आणि राहिलेही नाहीत.

घरी येताना मी सायकल हातात धरून चालत आलो. आबांना आदल्या दिवसापासून ताप होता. अंगात ती बनियन, वर घोंगडी. वही मी दप्तरातून काढलीच नाही. रिपोर्ट म्हटल्यावर मी सांगितलं, दोन-दोन. हे खोटं नव्हतं. पुढची ओळ सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात आबाच उठून बसले आणि म्हणाले, "म्हंजी आता तिसरा सामना. मधल्या कुठल्यातरी गावात घेतील. आमच्या टायमाला तसंच हुतं."

तेव्हा मी फक्त नाही म्हणायचं होतं. त्यांच्या काळात बहुधा तसंच असेल, आता नियम बदललाय, एवढंच. मी म्हणालो, हो. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. पण मला त्या घरात एकटं राहायचं नव्हतं, हेही त्यात होतं, आणि ते जास्त असावं.

पुढचे दोन महिने मी युरोपातला फुटबॉल एकट्यानं चालवला. तिसरा सामना मंडळी एक-शून्यनं जिंकले. तो मी डेन्मार्कमध्ये ठेवला, कारण नकाशात ते मधोमध वाटलं. उपांत्य फेरीत पणदरेकर. मला खेळातलं काही कळत नव्हतं, म्हणून आबांनीच वेळोवेळी सांगितलेले वाळवंटातले गोल मी थोडे फिरवून वापरले. कोपऱ्यातून आलेला चेंडू, डाव्या पायाची बाहेरची बाजू, गोलकीपर उजवीकडं झेपावलेला. आबा डोळे मिटून ऐकायचे. पूर्वीसारखे प्रश्न विचारत नसत. वारा कसा होता तेही नाही. तक्त्यातल्या चौकटीत ते हळूहळू मंडळींचं नाव लिहीत गेले. खरा पेपर रोज वाचनालयात यायचा आणि त्यात भलतेच क्लब पुढं जात होते. मी ते पान उलटून टाकायचो, जसं काही तेच खोटं छापत होते. एप्रिलमध्ये ताई आली, तिनं विचारलं, मी खाली बघून नाही म्हणालो. जाताना आबांच्या न्हाणीत तिनं फरशीवर गोणपाट अंथरलं आणि दोन बाजूंनी विटा ठेवल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. वजनाच्या यंत्रावर मीही उभं राहायला हवं होतं.

मे महिन्यात अंतिम सामना होता. माझी परीक्षा संपली होती, गावी टोमॅटोची तोडणी चालू होती, वडिलांचा दोनदा निरोप येऊन गेला, तरी मी सामन्यासाठी थांबलो होतो. म्हणजे कशासाठी, ते मलाच माहीत. मी ठरवलं होतं की मंडळींना कप जिंकून द्यायचा. जिंकणारा बाद होत नाही. मग आबांना शब्द पाळायची गरजच उरत नाही. शुक्रवारी दुपारी मी वाचनालयातून आलो. आबा उंबऱ्यावर बसले होते, सदरा काढून, बनियनवर. त्यांनी रिपोर्ट मागितला नाही. शेजारी बसायला सांगितलं.

"तुझी सुट्टी लागली," ते म्हणाले. "तू जाणार गावाला."

मी म्हणालो, चार दिवसांनी परत येतो.

"कशाला येतूस? तुझा बाप एकटा रानात हाय." मग म्हणाले, "ह्या बारीला हरू दे, जवान."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा कान गरम झाले. मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे. ते म्हणाले, "तिसऱ्या सामन्याला हो म्हनलास तवा तुझ्या हातात वही नव्हती. आणि तू माझ्याकडं बघत नव्हतास. खोटं बोलायला बी शिकावं लागतं रं, ते तुमच्या कालेजात न्हाय."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हात वर केला, पंच करतो तसा. "मला बी ऐकायचं हुतं. मंडळी कधी सेमीला गेली न्हाईत. आणि तू सांगतूस बरं. तेवढा पणदऱ्याविरुद्धचा गोल जरा लांबून मारलास."

मग मी विचारलं, जायचंच होतं तर मार्चमध्येच का नाही गेलात. ताई किती झुरत होती. उसाची एक गाडी गेली, तिच्या मागची धूळ खाली बसली, तेव्हा आबा बोलले.

"लेकीकडं आपणहून गेलो तर म्हातारा दमला म्हनत्यात. हरून गेलो तर शब्द पाळला म्हनतील. मार्चात मी दमलो न्हवतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता सकाळी उठलं की संध्याकाळपातुर लई लांब वाटतंय."

 

हरायचं कसं, ते मात्र त्यांनी बारकाईनं ठरवलं. एक-शून्य, शेवटच्या मिनिटाला, पेनल्टीवर, आणि पेनल्टी वादग्रस्त. आपला गोलकीपर चेंडूला बोट लावतो पण चेंडू आत जातो. लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. कोण जिंकलं म्हणून सांगू, असं मी विचारलं तर म्हणाले, ते कुणी बी असू दे. खरा कप कुणी नेला हे त्यांनी विचारलं नाही.

रविवारी ताई आली. दारातला तिचा नेहमीचा प्रश्न येण्याआधीच मी सांगितलं, ताई, फायनल हरले. एक-शून्य, पेनल्टीवर. नऊ महिने ज्या बातमीची वाट बघितली ती ऐकून ती आनंदेल असं मला वाटलं होतं. ती दारातच उभी राहिली, पिशवी खाली ठेवली आणि आबांकडं गेली. आबा दाराकडं पाठ करून तक्त्यासमोर बसले होते. ताईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ द्या आबा. इथवर आले हेच लई झालं. पुढच्या वर्षी जिंकतील." आबा वळले नाहीत. पेनल्टी नव्हतीच ती, एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. मला अजून ठरवता आलेलं नाही की त्यातलं किती आमचं ठरलेलं होतं.

ताईनं टेंपो ठरवला आणि त्याच संध्याकाळी ते कळंबला गेले. टेंपोत गादी, ट्रंक, काकूंचा फोटो, बुद्धाची मूर्ती, आणि पुढच्या सीटवर आबा, इस्त्रीचा सदरा घालून. मी गेटपाशी उभा होतो. त्यांनी खिडकीतून हात काढून मला सलाम ठोकला. मला उलट सलाम नीट करता आला नाही. टेंपो वळल्यावर मी आत जाऊन दिवा लावला आणि काही वेळ त्यांच्या खुर्चीसमोर उभाच राहिलो, सवयीनं.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. घर मोठं वाटायचं. नळ बंद केला तरी आवाज येतोय असं वाटायचं. सप्टेंबरात पेपरात पुन्हा त्या चार ओळी दिसायला लागल्या. एक-दोनदा हात वहीकडं गेला. मग मी ठरवलं की जाऊन त्यांना खरं सगळं सांगायचं. नियम कसा आहे ते, मंडळी हरले नव्हते ते, कप कुणी नेला ते. आपण खरं बोलतो या एका गोष्टीवर त्यांनी मला घरात घेतलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना मी कळंबला उतरलो. दुपारची वेळ होती. ताईनं हसून आत घेतलं, पाणी दिलं. आबा ओसरीवर त्याच गादीवर झोपले होते, तोंड किंचित उघडं, आणि त्यांच्या पोटावर पाय टाकून ताईची धाकटी मुलगीही झोपली होती. जळोचीत दिवसा झोपलेले आबा मी एकदाही पाहिले नव्हते. तब्येत भरली होती. ताई म्हणाली, उठवते, तुझी आठवण काढतात. मी म्हणालो, नको. मग ती चहा ठेवायला आत गेली. तिच्या कपबशांचा आवाज झाला तेव्हा मुलीनं कूस बदलली. आबांनी झोपेतच तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, आणि परत घोरायला लागले.

मी अर्धा तास बसलो, चहा घेतला आणि निघालो. इंदापूरकडच्या गाडीत बरीच गर्दी होती. शेजारी एक म्हातारे बाबा होते, त्यांनी सरकून जागा दिली आणि सवयीप्रमाणं चौकशी केली. कुठलं गाव, काय शिकतोस, इथं कुणाकडं आला होतास. आमच्या घरमालकांकडं, मी म्हणालो. गाठ पडली का, त्यांनी विचारलं.

पडली, मी म्हणालो. आणि हे काही मी खोटं बोललो नाही, असं मला वाटतं.